वरच्या कुरणातला फोटो

फोटोवाला आला तेव्हा वाडग्यातल्या सतरा मेंढ्या व्यायच्या राहिल्या होत्या आणि नोटीस येऊन अकरा दिवस झाले होते.

नोटीस मास्तरणीनंच वाचली होती. ती काही खरी मास्तरीण नव्हती. दहावीपर्यंत शिकलेली होती, आणि गावात कुणाच्याही घरी सरकारी कागद आला की तो आधी तिच्या हातात यायचा. लग्न होऊन आली तेव्हा चेष्टेनं पडलेलं नाव पुढं चिकटून बसलं. दुसऱ्यांचे कागद तिनं पोत्यानं वाचले होते. स्वतःच्या घरचा मात्र हा पहिलाच. वरच्या कुरणात गेली तीन वर्षं चराई झाल्याचे आढळत नाही, सबब आपला चराईचा परवाना रद्द का करू नये, याबाबत पंचवीस तारखेला पुराव्यासह हजर राहावे.

"आढळत नाही म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं.

"त्यांना मेंढ्या दिसल्या नाहीत."

"बघायला कधी आलेले?"

"तिन्ही वेळा पावसाळ्यात."

"पावसाळ्यात वर मेंढ्या कोण नेतं? खूर कुजवायला?" आबांनी एका मेंढीची खुरी गुडघ्यात धरली होती, ती कोरता कोरता ते म्हणाले, "लिही म्हणावं, डोक्यावरचे केसही आढळत नाहीत. म्हातारा टकला आहे, पण डोकं त्याचंच आहे."

यावर तिचा नवरा हसला नाही. तो तसाही दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा. वरचं कुरण गेलं तर उन्हाळ्यात साठ मेंढ्या ठेवायच्या कुठं, हा हिशोब त्याच्या तोंडावर उमटला होता.

आणि अशात हा माणूस आला. पन्नाशीचा, काटकुळा, एक गुडघा धरलेला. गळ्यात एक कॅमेरा, पिशवीत दुसरा. एका संस्थेचं पत्र होतं त्याच्याकडे. व्यायच्या हंगामात एखाद्या मेंढपाळाच्या घरी राहून फोटो काढायचे होते.

"कशाचे?" आबांनी विचारलं.

"माणूस आणि निसर्ग. जगणं, मरणं. असं."

"मग बरोबर घरी आलात. सध्या दोन्ही रोज होतंय."

आबांनी त्याला लोकरीची खोली दिली. मास्तरणीनं पत्र दोनदा वाचलं. तळाशी तीन शिक्के होते, त्यातला एक पुसट. पुसट शिक्का तिला कधीच आवडत नसे. मागच्या वर्षी दोघं जण तिकाटीवर यंत्र ठेवून डोंगर मोजत होते. नुसतंच मोजतोय म्हणाले, चहा प्यायले, आणि वर्ष उलटायच्या आत नोटीस आली. दुधानं तोंड पोळलेलं होतं. हे ताक आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी ती फुंकणारच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं. त्याच सकाळी शेजारच्या आडोशात दुसरीला तीन झाली होती आणि तिसऱ्याला ती जवळ करत नव्हती. आबांनी सुरी मागितली. मेलेल्या कोकराचं कातडं त्यांनी सदरा काढावा तसं सोलून काढलं, पायांच्या जागी चार भोकं ठेवून. मग ते ओलं कातडं टाकलेल्या पिलाच्या अंगात घातलं. पिलू परकं आणि वर आपल्याचा अंगरखा. मास्तरणीनं पिलू गमावलेल्या मेंढीची मान गुडघ्यांत धरली. मेंढीनं पिलाचा मागचा भाग हुंगला, एकदा ढुशी दिली, पुन्हा हुंगलं. वास तिच्या लेकराचा होता. हळूहळू तिचे पाय सैल झाले आणि पिलू लुचायला लागलं.

एवढा वेळ कॅमेऱ्याची टकटक चालू होती. फोटोवाला लेंड्यांत गुडघे टेकून बसला होता. पण मास्तरणीनं मान वर केली तेव्हा त्याचा कॅमेरा मेंढीकडे नव्हताच. घमेल्यात पडलेल्या सोललेल्या पिलाकडे होता.

"जिवंत इकडं आहे," ती म्हणाली.

"हो ताई, पाहिलं," तो म्हणाला. कॅमेरा मात्र हलवला नाही.

संध्याकाळी तो सासूबाईंना कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दाखवत होता. सासूबाईंना कमी दिसायचं, त्या सगळ्यालाच "छान" म्हणत होत्या. मास्तरीण भांडी घासून हात पुसत मागं येऊन उभी राहिली. खालच्या उताराचे फोटो होते. गवत, ढगाची सावली, दगडांची रांग. एक, दोन, सहा, सात.

"यात मेंढ्या कुठायत?"

"त्या वेळी नव्हत्या."

"त्या वेळी आम्ही तिथंच होतो. मी, आबा आणि अख्खा कळप. आम्ही उतरायला लागलो आणि तुम्ही बुटाची नाडी बांधत मागं राहिलात." तिनं बोट काचेवर टेकवलं. "आम्ही जायची तुम्ही वाट बघत होतात."

फोटोवाल्यानं कॅमेरा बंद केला. "डोंगर एकटा हवा होता," तो म्हणाला.

"कुणाला हवा होता?"

त्यानं कॅमेरा पिशवीत सारला, आणि उत्तर चुकवलेलं तिनं बरोबर टिपून घेतलं.

जेवताना तिनं घरात सांगितलं. रिकाम्या डोंगराचे फोटो. उद्या हेच फोटो साहेबाच्या टेबलावर जातील, बघा म्हणतील, कुत्रंसुद्धा फिरकत नाही. नवरा म्हणाला, "सकाळी काढतो घराबाहेर." त्याच्या त्या दिवसाच्या शब्दांतले तेवढेच उरले असावेत.

आबा सावकाश चावत होते. "काढू नको. पुरावा आणा म्हणतायत ना? गावातल्या माणसांची साक्ष चालत नाही, सगळे आपलेच. हा तर परका आहे. त्याला मी वर नेतो, मेंढ्या घेऊन. म्हणतो, आता काढ. तारखेसकट काढ."

"आणि त्यानं तुमच्याही जाण्याची वाट बघितली तर?"

"मी जागचा हलणारच नाही," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. आबांनी नऊ मेंढ्या काढल्या. आठ जणींना व्यायला अजून वेळ होता. नववी दिवस भरलेली होती, तिला न्यायचं नव्हतं, पण ती मागं लागली. वरच्या कुरणाची वाट तासाभराची. शेवटचा चढ अंगावर येणारा. वर फोनला रेंज नाही. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, पण मेंढ्यांच्या पुढं चालायचे. फोटोवाला मागून लंगडत होता.

दुपारी दीडच्या सुमाराला मास्तरीण वाडग्यातलं ओलं गवत उपसत होती. नवरा पाटीनं बाहेर टाकत होता. तिनं सहज वाटेकडे बघितलं तर मेंढ्या उतरताना दिसल्या. पुढं कुणी नव्हतं. मेंढ्या आधी आणि आबा मागं असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांत शेवटी फोटोवाला. हातांत नुकतं झालेलं कोकरू, आणि त्याची आई त्याच्या कोपराला नाक लावून चालत होती.

कोकरू त्यानं खाली ठेवलं. "ताई," तो म्हणाला, "आबा गेले."

नवऱ्यानं पाटी टाकली आणि तो धावत सुटला.

त्यांना शिडीवरून आणलं. गावातले पाच जण आणि नवरा. फोटोवाल्यानंही एक कोपरा धरला होता. शेवटच्या चढावर, आता तो उतार होता, त्याचा गुडघा दुमडला आणि शिडी कलली. आबांचा हात बाजूला लोंबला. नवरा म्हणाला, "सोडा तुम्ही." दोनच शब्द, पण सगळ्यांसमोर. फोटोवाला वाटेच्या कडेला उभा राहिला आणि शिडी पुढं गेल्यावर मागून एकटा चालत आला. गळ्यातला कॅमेरा त्यानं पिशवीत टाकला होता. तो कधी टाकला, हे मात्र कुणी बघितलं नव्हतं.

मग दोन दिवस माणसं येत जात राहिली. बोलणं खाली मान घालून सुरू व्हायचं आणि लोकरीच्या खोलीकडे मान वळवून संपायचं. पाणी भरायला गेलं तरी तेच. म्हातारा तडफडत असेल आणि हा कॅमेरा लावून बसला असेल. त्याला मरणच हवं होतं ना? पत्रात लिहिलं होतं म्हणे. मिळालं एकदाचं. मास्तरीण कुणाला हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मेंढ्या थांबत नव्हत्या. त्या दोन दिवसांत चार व्याल्या. तिच्या हाताला कोपरापर्यंत चिकाचा वास होता आणि रडायला बसलं तरी कुणीतरी वाडग्यातून हाक मारायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती लोकरीच्या खोलीत गेली. फोटोवाला पिशवी भरत होता. तिनं दार लोटून घेतलं आणि गाठोड्यावर बसली.

"फोटो दाखवा. त्या दिवसाचे. सगळे."

त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

"फोटो कधी काढला ते दिसतं का?"

त्याचा हात थांबला. मग त्यानं दुसरं एक बटण दाबलं. प्रत्येक फोटोखाली तारीख आणि वेळ आली. ती सावकाश बघत गेली. कागद वाचावा तसं, ओळ न सोडता.

अकरा वाजून आठ मिनिटं. आबा गुडघ्यावर, हात मेंढीत मनगटाच्या वर गेलेला. पिलू आडवं असणार. अकरा एकवीस. पिलू गवतावर, आबा त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढतायत. अकरा चौतीस. आबा दगडाला टेकून बसलेले, हात मांडीवर, रक्त तसंच, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतायत.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हिला आणायचं नव्हतं, पण बरं झालं आली."

अकरा एक्केचाळीस. डोळे मिटलेले. त्यानंतर कोकराचे फोटो. उभं राहताना पडलं, पुन्हा उभं राहिलं, आईच्या चुकीच्या बाजूला सड शोधतंय. बारा, पंधरा, वीस फोटो. मग बारा वाजून तीन मिनिटं. पुन्हा आबा. तेच, डोळे मिटलेले.

"एक्केचाळीसपासून बारा तीनपर्यंत तुम्ही कुठं होतात?"

"तिथंच. दहा पावलांवर. कोकराकडे बघत होतो."

"आबांकडे पाठ करून."

"हो. झोपलेत असं वाटलं."

"आवाज नाही आला काही?"

"नाही ताई. वारा होता." तो पुढं म्हणाला, "बारा तीनला वळलो, झोपलेल्याचा म्हणून एक काढला. मग हाक मारली. उठले नाहीत. जवळ जाऊन हात धरला. गार होता."

तिनं बटण दाबलं. पुढं अजून दोन फोटो होते. बारा चार. बारा सहा. हे त्यानं लांब जाऊन काढले होते. अख्खे आबा दिसत होते, पाय पसरलेले, मागचा दगड, दगडाच्या दोन्ही बाजूंना चरणाऱ्या मेंढ्या, आणि वरची कड.

"आणि हे?"

त्यानं पिशवीची चेन ओढून लावली.

"हे हात गार लागल्यावरचे," ती म्हणाली.

"हो."

"माणूस मेलेला आहे हे माहीत असताना."

"हो." त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. "हात थरथरत होते. कॅमेरा धरला की थांबतात. मला दुसरं काही सुचलं नाही. कारण काही का असेना, काढले हे खरं."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. कोकराचे वीस फोटो काढले आणि मागं वळून बघितलं नाही. वळला असता तर काही झालं असतं का? पाणी पाजलं असतं, छाती चोळली असती. तासाभराच्या वाटेवर कोण येणार होतं? ती हे उलटसुलट करत राहिली आणि तिच्या बोटाखाली तो बारा चारचा फोटो तसाच राहिला. तेव्हा तिला दगड दिसला. आबांच्या खांद्याच्या वर, पांढऱ्या चुन्यानं लिहिलेला आकडा. नऊ. हद्दीचा दगड क्रमांक नऊ, वरच्या कुरणाचा. बाकीच्या फोटोंत दगडाचा नुसता कोपरा होता. तो कुठलाही दगड असू शकला असता. या दोनांतच आकडा होता, मेंढ्या होत्या, तारीख होती. आणि आबा.

"यातलं कार्ड काढून द्या," ती म्हणाली.

त्यानं दिलं. तिनं ते रुमालात बांधलं. "सुनावणी पंचवीसला आहे. फोटो कुणी काढला विचारतील. तुम्हाला यावं लागेल."

"येईन."

"बघू," ती म्हणाली.

तो दुपारच्या एसटीनं गेला. नवऱ्याला तिनं संध्याकाळी सांगितलं. तो बराच वेळ काठीची आकडी पुसत राहिला.

"आबांचं मरण टेबलावर मांडायचं?"

"त्यांनीच त्याला वर नेलं होतं, तारखेसकट काढ म्हणायला."

"असा नव्हे."

"असा नव्हे," ती म्हणाली. "पण दुसरा नाहीये."

तो उठून गेला. वाडग्यात जाऊन नको तिथलं कुंपण उसकटून पुन्हा बांधत बसला. सकाळी, तिनं विचारायच्या आधी, म्हणाला, "आईला दाखवायचा नाही."

तालुक्याच्या स्टुडिओत तिनं त्या बारा चारच्या फोटोची मोठी प्रत, खाली तारीख-वेळ छापून, काढून घेतली. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "आजोबा झोपलेत का?" ती म्हणाली, "नीट कापा, दगड राहू द्या." मग कार्डावरचे ते दोन फोटो तिनं त्याच्याकडूनच पुसून घेतले. पुसले गेलेत याची दोनदा खात्री केली.

पंचवीस तारखेला ती आणि नवरा साडेनऊपासून कचेरीच्या बाकावर बसले. फोटोवाला नव्हता. साडेदहा झाले. नवरा दाराकडे बघत नव्हता आणि त्याचं न बघणं तिला टोचत होतं. त्या पुसट शिक्क्याचं काय ते आता कळेल, असं तिच्या मनात आलं. नाहीतर तो आलाच तर आतूनच येईल, साहेबाबरोबर चहा पिऊन.

पुकारा व्हायच्या जरा आधी तो जिन्यावरून लंगडत आला. एसटी बंद पडली होती म्हणाला. दाढी वाढलेली होती. नवऱ्यानं बाकावर थोडं सरकून जागा केली. तो बसला नाही.

साहेब चाळिशीचे होते, सर्दीनं बेजार. त्यांनी कागद उलटले. "पुरावा?"

तिनं फोटो टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा वर केला, दगडावरचा आकडा बघितला, मेंढ्या मोजल्या. पेन्सिलीचं टोक एकेका मेंढीवर टेकवत. "आठ."

"नववी दगडाच्या मागं आहे. तिचं कोकरू दिसतंय बघा, पाय."

"तारीख वेळ खरी कशावरून? कॅमेऱ्यातलं घड्याळ फिरवता येतं." साहेबांनी नाक पुसलं. "हे गृहस्थ कोण? झोपलेत?"

कारकुनाची बोटं टाइप करायची थांबली. नवरा भिंतीकडे बघत होता.

"माझे सासरे," मास्तरीण म्हणाली. "परवाना त्यांच्याच नावावर आहे. झोपले नाहीत. मेलेत."

साहेबांनी फोटो खाली ठेवला. मग फोटोवाल्याकडे बघितलं. "तुम्ही काढलात?"

"हो."

"हे जिवंत असताना?"

तिला वाटलं, आता हा सांगेल, मला माहीत नव्हतं. झोपलेत वाटलं. साधं वाक्य होतं आणि त्या खोलीत कुणीच त्याला खोटं पाडू शकलं नसतं. ती सोडून. आणि तीही बोलली नसती, कारण त्याची साक्ष मोडली की कुरण गेलं.

"नाही," फोटोवाला म्हणाला. "मेल्यावर. हात लावून बघितलं, ते गेले होते, मग मागं जाऊन काढला. सोळा तारीख, बारा वाजून चार मिनिटं. त्यांचा मृत्यू त्याच दिवशी नोंदवलाय, तो दाखला यांच्याकडे असेल, ताडून बघा. मी सकाळी नऊपासून त्यांच्यासोबत होतो. नऊ मेंढ्या वर नेल्या, एक तिथं व्याली."

"हे सगळं असंच लिहायचं?" कारकुनानं विचारलं. त्याच्या आवाजात किळस होती आणि त्यानं ती लपवली नाही.

"असंच लिहा."

तिनं मृत्यूचा दाखला पुढं केला. साहेबांनी दोन्ही तारखा ताडल्या. कारकून टाइप करत गेला, आणि फोटोवाल्यानं त्याखाली सही केली. सही करताना त्याचा हात हलत होता. कॅमेरा त्यानं आणलेला नव्हता.

निकाल दुपारी मिळाला. नोटीस मागं घेतली होती. परवाना नवऱ्याच्या नावावर, पुढची पाहणी होईपर्यंत. आणि पाहणी उन्हाळ्यात करावी, असं साहेबांनी खाली हातानं लिहिलं होतं. तिनं तो कागद तिथंच उभ्यानं तीनदा वाचला. फोटो फाइलीला लागला. परत मिळणार नव्हता.

स्टँडवर तिनं रुमालाची गाठ सोडून कार्ड फोटोवाल्याला दिलं. "बाकीचे आहेत. ते दोन पुसलेत मी."

त्यानं कार्ड खिशात टाकलं. "बरं केलंत," तो म्हणाला.

एवढंच. चेहऱ्यावरून काही कळेना. आबा गेल्यावर तीन दिवस कार्ड त्याच्याचकडे होतं. त्यानं ते फोटो आणखी कुठं ठेवलेत का, हे विचारायला तिनं तोंड उघडलं आणि विचारलं नाही. तो हो म्हणाला असता तरी कठीण आणि नाही म्हणाला असता तरी. त्याची एसटी लागली. नवरा पुढं झाला आणि त्याची पिशवी वर चढवून दिली. 

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. नवरा थेट वाडग्याकडे गेला. मास्तरणीनं कागद वाचून दाखवला. सासूबाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली.

"फोटो कुठंय?"

तिनं सासूकडे बघितलं. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, विचारण्यात अर्थ नव्हता. "कचेरीत ठेवून घेतला," ती म्हणाली.

"तू बघितलास."

"हो."

सासूबाईंनी पदराचा काठ चाचपला.

"टोपी होती का डोक्यावर?"

मास्तरणीनं आठवून बघितलं. दगड, आकडा, मेंढ्या, कोकराचा पाय. एवढे दिवस तिनं तेवढंच बघितलं होतं. मग टोपी दिसली, जरा मागं सरकलेली.

"होती," ती म्हणाली.

"ऊन होतं ना त्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या. "टोपी नसली की त्यांचं डोकं दुखायचं."

वाडग्यातून नवऱ्यानं हाक मारली. एक मेंढी अडली होती. मास्तरणीनं कागद सासूच्या मांडीवर ठेवला, बांगड्या कोपरापर्यंत मागं सारल्या आणि ती वाडग्यात गेली.